हरणांच्या बागेशेजारी १९०९ चं हॉटेल. मुक्कामाला गेल्यावर पिशवी का सांभाळायची?

जपानमधल्या नारा शहरात, नारा पार्कच्या कडेला ‘नारा हॉटेल’ १९०९ पासून सुरू आहे. जुनी इमारत लाकडी, कौलारू. १९२२ मध्ये शास्त्रज्ञ आइन्स्टाइन इथं उतरले होते. त्यांनी वाजवलेला पियानो अजून जपून ठेवलाय. पण पाहुण्यांना खरी ओढ शेजारच्या हरणांची. हजारावर हरणं मोकळी फिरतात, आणि तीही जंगली, कुणी पाळलेली नाहीत! कोंडा आणि पिठाची बिस्किटं बागेत विकत मिळतात, तेवढीच त्यांना द्यायची. कारण खाऊचा वास लागलेली प्लॅस्टिकची पिशवीही हरणं गिळतात. आपल्याकडं उकिरड्यावर गाई खातात तसंच. २०१९ मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लॅस्टिकचे गोळे निघाले, एकाच्या पोटात तर चार किलोंहून जास्त. त्यामुळं बागेत फिरायला निघताना खाऊची पिशवी खोलीतच ठेवलेली बरी.