फटाक्यांच्या रात्री पिंजऱ्यातले पक्षी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाळीव पक्ष्याला फटाक्यांच्या आवाजाहूनही अधिक धोका त्याच्या स्वतःच्या भेदरलेल्या धडपडीपासून असतो. भारतात फटाक्याच्या आवाजाची कमाल मर्यादा स्फोटापासून 4 मीटर अंतरावर 125 डेसिबल इतकी असली, तरी काळोखात दांडीवर झोपलेल्या कॉकाटीलला दूरच्या गल्लीतला सुतळी बॉम्बही पुरतो; संकट कोठून आले हे दिसत नसल्याने तो झेपावतो, गजांवर आदळत राहतो आणि त्याच्या फडफडीने शेजारचे पक्षीही बिथरतात. या आदळआपटीत नव्याने उगवणारे, आत रक्तपुरवठा चालू असलेले कोवळे पीस मोडले, तर त्याच्या पोकळ देठातून रक्त वाहू लागते, आणि जेमतेम 30 ते 40 ग्रॅम वजनाच्या बजरीगरला (बाजारात हाच पक्षी ‘लव्हबर्ड’ म्हणून सर्रास विकला जातो) थोडाही रक्तस्राव झेपत नाही. अशा वेळी जखमेवर कॉर्नफ्लोअर हलकेच दाबून धरावे व विनाविलंब पशुवैद्यकाला गाठावे.

म्हणूनच पिंजरा चोहोबाजूंनी झाकून दिवा मालवण्याचा नेहमीचा सल्ला अर्धाच बरोबर ठरतो. जाड कापडाने लखलखाट अडतो हे खरे. परंतु एक बाजू उघडी ठेवून खोलीत मंद दिवा राहू दिल्यास बिथरलेल्या पक्ष्याला दांडी दिसते व तो पुन्हा तिच्यावर स्थिरावू शकतो. पिंजरा गॅलरीतून आतल्या खोलीत हलवायचा, तर तो सणाच्या काही दिवस आधीच हलवावा, कारण अनोळखी जागा हीदेखील पक्ष्याला धास्तावते.

धुराचा प्रश्न मात्र शरीररचनेतच दडलेला आहे. पक्ष्यांच्या फुफ्फुसांना वायुपिशव्या, म्हणजे हवा साठवणारे पातळ कप्पे, जोडलेले असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुफ्फुसांतून एकाच दिशेने वाहत राहते. उड्डाणाला लागणारा भरपूर प्राणवायू पुरवणारी ही व्यवस्था धुरातील गंधकयुक्त वायू व सूक्ष्म कणही तितक्याच तत्परतेने आत पोहोचवते. खिडक्या घट्ट लावून त्याच खोलीत धूप-कापूर जाळणे त्यामुळे व्यर्थच. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि प्रत्येक श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, ही श्वासाच्या त्रासाची लक्षणे होत.

घाबरलेल्या पक्ष्याला धीर देण्यासाठी मुठीत आवळून धरणे तर जिवावरच बेतू शकते: माणसाप्रमाणे श्वासपटल नसल्याने पक्ष्याचा श्वास छातीचे हाड पुढेमागे हलण्यावर अवलंबून असतो आणि मुठीच्या दाबाने नेमकी तीच हालचाल थांबते.