स्क्रू पाइल: खोलीआधी टॉर्क विचारा

उत्तर अमेरिकेत घराला खोली किंवा डेक जोडताना कंत्राटदार काँक्रीटच्या पायाऐवजी स्क्रू पाइल सुचवतो, तेव्हा आपण विचारतो, “किती खोल जाणार?” हा प्रश्न खरे तर दुसरा असावा.

पोलादी दांड्याला स्क्रूच्या आट्यासारख्या चकत्या जोडलेल्या असतात. अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश अभियंत्याने 1833 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. थेम्सच्या मुखाशी मॅप्लिनच्या वाळूत दीपगृह उभे राहिले ते अशाच पाइलांवर. बारीक दांड्याचे घर्षण नगण्य. भार पेलते ती चकत्यांखालची माती. चकत्यांमध्ये सहसा व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवतात, म्हणजे प्रत्येक चकती स्वतंत्रपणे भार घेते.

दर फेऱ्याला पाइल साधारण एका आट्याइतका खाली उतरला पाहिजे. तो जागीच फिरू लागला, तर भोवतीची माती घुसळून सैल होते.

म्हणून पहिला प्रश्न टॉर्कचा, म्हणजे पाइल फिरवण्यास लागलेल्या पिळाचा. 38 मिलिमीटर चौरस दांड्यासाठी किलोन्यूटन-मीटरमधील टॉर्कला साधारणतः 33 ने गुणतात. 6 आला, तर अंतिम क्षमता सुमारे 200 किलोन्यूटन. त्यातली निम्मीच हिशेबात धरायची. जाड दांड्याला हा गुणक कमी.

पण टॉर्कही फसवतो. दगडगोटे आणि गोठलेली माती तो फुगवतात. हिवाळ्यात हवा तो आकडा वरच्या थरातच मिळाला, तरी चकती गोठणरेषेखाली गेलीच पाहिजे. नाहीतर फुगणारी माती पाइलासकट डेक उचलते. खोलीचा प्रश्न विचारायचा तो इथे.