पाय न थांबणारी सायकल

उतार लागला की आपण पाय थांबवतो. चाक मात्र फिरत राहते. ही सोय फ्रीव्हीलची. फिक्स्ड सायकलीत ती नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच, आणि पाय मागे रेटला की चाक अडते. मग अशी सायकल जुळवताना आपण प्रथम काय निवडावे? मागचा हब.

कारण उघड आहे. पुढे पायडल मारताना मागचे दातेरी चक्र आट्यांवर अधिक आवळले जाते. पाय मागे रेटताच तेच सैल होऊ पाहते. म्हणून ट्रॅक हबावर उलट्या आट्यांची आणखी एक, जरा लहान पायरी असते. तिच्यावरची कडी चक्राला धरून ठेवते. फ्रीव्हीलच्या हबावरही हे चक्र बसते, म्हणून मोह होतो. पण तेथे उलटे आटे नसतात. आट्यांना ग्रीस लावून आधी चक्र पुरते आवळावे, मगच कडी उलट फिरवून घट्ट करावी.

चेन ताणायची ती चाक मागे ओढून. तेव्हा चौकटीच्या मागच्या खाचा आडव्या हव्यात. चेन मध्यावर सुमारे अर्धा इंच हलावी. दोन्ही चक्रे एका रेषेत असावीत. पुढे ४८ व मागे १६ दाते असले, तर पायडलाच्या एका फेरीत चाक ३ वेळा फिरते. पण नेहमी तोच पाय पुढे ठेवून चाक घसरवले, तर टायर एकाच जागी झिजतो. मागे १७ दाते घेतले की झीज १७ जागी वाटली जाते.

शर्यतीच्या ट्रॅकवर ब्रेक नसतो. तेथे सारे एकाच दिशेने धावतात. रस्त्यावर पोर आडवे येते. चेन तुटली तर पायांचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. तेव्हा पुढचा ब्रेक आपण बसवलाच पाहिजे.