जमिनीवर पडलेली जिवंत तार

वादळाने तुटलेली ११,००० व्होल्टांची तार कोरड्या डांबरी रस्त्यावर पडली, तर उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणा तत्काळ वीज तोडील, ही सर्वसामान्य समजूत दुर्दैवाने निराधार आहे. कारण ज्या रिलेच्या हुकमाने प्रवाह खंडित व्हावयाचा, तो केवळ प्रवाहाचे आधिक्य ओळखतो, आणि डांबर वा कोरडी वाळू यांचा विरोध इतका प्रचंड असतो, की शेकडो अँपिअर वाहणाऱ्या वाहिनीत या दोषाची भर काही अँपिअरांचीच, कित्येकदा शून्यवत् पडते. मनुष्याचा प्राण घेण्यास मात्र अँपिअरचा दशांशही पुरेसा होतो.

मग दोष ओळखावा कशाने? तारेच्या टोकाशी धुमसणाऱ्या ठिणगीने. ती क्षणात पेटते, क्षणात विझते, आणि ५० हर्ट्झच्या नितळ तरंगावर विषम हार्मोनिकांचे, म्हणजे मूळ वारंवारतेच्या विषम पटींतील तरंगांचे, अनियमित ओरखडे उमटविते. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात बी. डॉन रसेल प्रभृती संशोधकांनी दीर्घकाळ याच खुणांचा मागोवा घेतला. वेल्डिंगचे यंत्र आणि पोलादाची विद्युत्-भट्टी जवळजवळ तशाच खुणा उमटवितात, ही खरी अडचण. खोट्या इशाऱ्याने इस्पितळ अंधारात लोटणे हाही अपराधच. शिवाय ठिणगीच नसेल, तर वाहिनीच्या टोकावरील मीटरांनी विद्युत्-दाब नाहीसा झाल्याची दिलेली वर्दी, एवढाच आधार उरतो.