आगबोटीच्या पोटांत

आगबोट म्हटली कीं आपणांस तिचें उंच धुरांडें आठवतें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं मालवाहू आगबोट चाले ती तळाशीं राबणाऱ्या फावड्यांवर.

भट्टींतील कोळशानें बॉयलरमध्यें वाफ होई. ती तीन सिलिंडरांतून क्रमाक्रमानें प्रसरण पावून मळसूत्री पंखा फिरवी. पुढें समुद्रजलानें थंड केलेल्या नळ्यांवर तिचें पाणी होऊन तें बॉयलरकडे परते. बॉयलरांत खारें पाणी घेतल्यास क्षारांची पुटें चढत, म्हणून ही तजवीज. ताशीं ९-१० सागरी मैल वेगासाठीं दिवसाकांठीं २५-३० टन कोळसा लागे.

मुंबईच्या बऱ्याच बोटींवर डेकवर रत्नागिरीकडील कोकणी खलाशी, भटारखान्यांत गोमंतकीय आणि भट्टीपुढें पंजाबी वा पठाण आगवाले असत. ४ तास पाळी, ८ तास विश्रांति! कोळसेवाला टोपली ओढी. आगवाला कोळसा फेकी, निखारे मोडी, राख उपशी. त्याचा हात मंदावला कीं वाफेचा दाब उतरे, आणि वादळांत दाब उतरणें म्हणजे बोटीवर संकटच. तरीही वेतन गोऱ्या खलाशाहून फारच कमी.

५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन मानला जातो. त्या दिवशीं धुरांडें आठवतांना त्याखालचें फावडेंहि आठवावें.