छेदात न धरलेली माणसे

गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता उन्हाळ्यात गोळा होतो आणि त्याची विडी होते. विडीचा धूर, चुलीचा धूर, शेजारच्या चंद्रपुरातल्या कोळशाने काळवंडलेली हवा या सगळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या रोगावर गेल्या काही वर्षांत आलेल्या एका उपचाराचा हिशेब मी या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मांडणार आहे.

तिसऱ्या टप्प्यातली गाठ छातीतच असते, पण अनेकदा शस्त्रक्रियेने काढता येत नाही. मग केमोथेरपी आणि रेडिएशन सुमारे सहा आठवडे एकत्र देतात. पूर्वी त्यानंतर नुसते लक्ष ठेवत. कर्करोगाच्या पेशी ‘पीडी-एल१’ हे प्रथिन पुढे करून शरीराच्या पहारेकरी पेशींना थोपवतात. ड्युर्व्हालुमॅब हे औषध त्या प्रथिनालाच झाकते. 2017 मध्ये ‘पॅसिफिक’ चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात 713 रुग्ण होते आणि औषध दर पंधरवड्याला, वर्षभर शिरेतून दिले गेले. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ 5.6 महिन्यांवरून 16.8 महिन्यांवर गेला. पाच वर्षांनंतर औषध मिळालेल्यांपैकी 42.9 टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी 33.4 टक्के.

चाचणीतले रुग्ण निवडक, धडधाकट असतात. म्हणून नेहमीच्या रुग्णालयांतल्या 1,399 रुग्णांच्या नोंदी ‘पॅसिफिक-आर’ या अभ्यासात तपासल्या गेल्या. तिथे तोच काळ 21.7 महिने निघाला. प्रत्यक्षातला निकाल चाचणीहून सरस कसा? एक कारण असे असू शकते की, नेहमीच्या व्यवहारात स्कॅन चाचणीइतके वरचेवर होत नाहीत, त्यामुळे रोग वाढल्याचे उशिरा नोंदले जाते.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो अपूर्णांकातला छेद. दोन्ही अभ्यासांत मोजणी सुरू होते ती केमो-रेडिएशन पूर्ण करून, रोग न वाढता, औषधापर्यंत पोचलेल्यांपासून. वाटेत गळालेले छेदात नाहीत. शिवाय ‘पॅसिफिक-आर’च्या 11 देशांत भारत नव्हता.

आपल्याकडे गळती आधीच सुरू होते. खोकला आणि छातीच्या एक्स-रेवरचा डाग म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो रास्तही असतो. पण क्षयाच्या गोळ्यांत महिने गेले तर गाठ पुढच्या टप्प्यात जाते. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. रेडिएशनसाठी सहा आठवडे मुक्काम, मग वर्षभर खेपा आणि बुडालेली मजुरी. या औषधाने फुप्फुसाला सूज येऊ शकते. वाढलेला दम वेळीच ओळखणारा डॉक्टर जवळ हवा. टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतल्या चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयाचे मोल इथे आहे.

आणखी एक गाळणी जनुकीय तपासणीची. ज्यांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ बदल असतो, त्यांना ड्युर्व्हालुमॅबचा फायदा संशयास्पद आहे. 2024 च्या ‘लॉरा’ चाचणीत अशा रुग्णांना ओसिमर्टिनिबच्या रोजच्या गोळीने 39.1 महिने मिळाले, नुसत्या निरीक्षणावर 5.6. भारतात हा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. म्हणजे एका तपासणीने काहींची शिरेतल्या औषधाची वारीच वाचते.

राहिली किंमत. 2024 च्या अर्थसंकल्पात या दोन्ही औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले, तरी खर्च लाखांतच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब केवळ 20 मिलिग्रॅम मात्रेत, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. हा पुरावा फुप्फुसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण कमी मात्रा तपासून पाहण्याजोगी आहे, एवढे तो सांगतो.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या नोंदवहीत पहिली ओळ औषधाच्या पहिल्या मात्रेची नसावी. ती एक्स-रेवर डाग दिसला त्या दिवसाची असावी. मगच निघणारी टक्केवारी इथल्या माणसांची असेल.