ओळख मोटारीची, लेखांक ११ : इंजिनापासून टेलपाइपपर्यंत

एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. ते वाफ होऊन, सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइडबरोबर मोटारीच्या मागच्या नळीतून निघून जाते. सोबत थोडा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही असतात. हे वायू इंजिनाबाहेर नेणे, वाटेत त्यांतले विष कमी करणे आणि त्यांचा आवाज दाबणे ही एक्झॉस्ट यंत्रणेची तीन कामे आहेत.

सुरुवात मॅनिफोल्डपासून होते. प्रत्येक सिलिंडरचा जळका वायू इथे एका नळीत येतो. गाडी जोरात असताना त्याचे तापमान ८०० अंशांच्या घरात जाऊ शकते. पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. वायूत किती ऑक्सिजन उरला हे तो संगणकाला कळवतो आणि त्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरते. मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली की तिथून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक विनाकारण जादा पेट्रोल सोडतो आणि गाडीचे ॲव्हरेज पडते. अशा वेळी पुष्कळदा पंपावरच्या पेट्रोलवर संशय घेतला जातो.

नंतर येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिक वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि उरल्या इंधनाचे पाणी व कार्बन डायऑक्साइड इथे होते. मात्र साधारण ३०० अंश तापल्याशिवाय हे काम नीट सुरू होत नाही. या धातूंच्या किमतीमुळेच महाराष्ट्रात अनेक ठिकाणी इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला गेले. कॅटचा मोठा शत्रू म्हणजे न जळलेले पेट्रोल. इंजिन 'मिसिंग' करत असताना गाडी तशीच पळवली किंवा बॅटरी उतरलेली गाडी वारंवार धक्का मारून चालू केली, तर हे पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते आणि वीट वितळते. शंभर-दोनशे रुपयांचा स्पार्क प्लग टाळून हजारोंचा कॅट घालवणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

तापलेल्या कॅटचा आणखी एक धोका खानदेशात लक्षात ठेवावा लागतो. उन्हाळ्यात शेतात वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा गवतावर गाडी उभी केली, तर खालचा पालापाचोळा पेट घेऊ शकतो. गाडी मोकळ्या जमिनीवरच लावावी.

सगळ्यात शेवटी सायलेन्सर. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा वायूचा फटका बाहेर पडतो. सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या या ध्वनिलहरी एकमेकींवर आदळवून जिरवतात. तो काढून टाकणे कायद्यानेही चालत नाही.

सायलेन्सर बहुधा आतून सडतो. जळगावात घरापासून नवीपेठ, तिथून रेल्वे स्टेशन आणि परत, एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा मागचा पाइप पुरता तापतच नाही. वाफेचे पाणी आत साचते, त्यात आम्ल मिसळते आणि पत्रा गंजतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बाहेरून चिकटून ओल धरतो, ते वेगळेच. अनेक सायलेन्सरच्या तळाशी पाणी गळून जाण्यासाठी मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते. ते वेल्डिंगने बुजवू नये. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते. शहरातल्या शहरात फिरून फिल्टर चोंदतो, म्हणून अधूनमधून जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे अशी सलग फेरी त्याला मानवते.

गळतीचा खरा धोका जिवाला आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा काचा बंद करून, एसी लावून उभ्या गाडीत बसण्याची सवय सर्रास दिसते. खालचा पाइप फुटलेला असेल तर हाच वायू आत शिरतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे उन्हाची समजून सोडून देऊ नयेत. लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे.

तपासणी घरीही होते. सकाळी मोकळ्या जागेत थंड इंजिन चालू करावे. एकाने टेलपाइपवर जाड ओले फडके क्षणभर दाबावे, दुसऱ्याने बाजूने वाकून ऐकावे. जोडावर 'फुस्स' ऐकू आले किंवा काळ्या काजळीचा ओघळ दिसला, तर तिथे गळती आहे. पाइप पेलणारे रबर तडकले असेल तर ते लगेच बदलावे, कारण लोंबकळता पाइप पहिल्याच गतिरोधकावर जोडातून निखळतो.

पीयूसी तपासणी नव्या गाडीला पहिले वर्ष लागत नाही. पुढे बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना प्रमाणपत्र वर्षभर चालते, जुन्यांना सहा महिने. फुटक्या पाइपातून शिरलेल्या हवेमुळे यंत्रावरचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला येऊ शकतो, म्हणून केवळ त्या कागदावर विसंबू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गाडी रॅम्पवर चढवून मॅनिफोल्डपासून टेलपाइपपर्यंतचा प्रत्येक जोड मेकॅनिककडून पाहून घ्यावा.